सातव्या नळीचे अकरा दिवस

सरकारी कचेरीत चूक चालते, उशीर तर हक्कानं चालतो. रिकामा रकाना तेवढा चालत नाही. काही घडलं नसेल तर 'निरंक' लिहा, चाललं असेल तर 'काम प्रगतीत' लिहा, पण जागा कोरी सोडू नका. कोरी जागा दिसली की वरून खुलासा मागणारं पत्र आलंच म्हणून समजा. पाटबंधाऱ्यांच्या त्या उपविभागात नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात सारिका घोलपला हे कळलं होतं, आणि चौदा वर्षांत तिनं एकही रकाना कोरा जाऊ दिला नव्हता. तिला त्याचा अभिमान होता, आता बोला!

सारिकाचं काम तेवीस धरणांचे आकडे सांभाळायचं. सगळी मातीची, लहान लहान धरणं, डोंगराच्या कुशीत बांधलेली. त्यातलंच एक भोकरनाल्याचं. त्याच्या पायथ्याला भोकरवाडी, चाळीस उंबऱ्यांची, आणि त्या वाडीत तिची थोरली बहीण शुभांगी दिलेली. आई लवकर गेली, त्यामुळे सारिकाच्या वेण्या घालण्यापासून तिला परीक्षेच्या गावी नेऊन सोडण्यापर्यंत सगळं या ताईनंच केलं. नोकरीची ऑर्डर आली तेव्हा ताई वाडीत घरोघर सांगत हिंडली होती, 'आमची सारू आता आपल्या धरणावर लक्ष ठेवणार आहे.'

आता धरणावर लक्ष ठेवायचं म्हणजे काय, ते सांगायला हवं. मातीची भिंत कधीच कोरडी नसते. पाणी तिच्यातून थेंब थेंब झिरपत असतं, आणि झिरपणारं पाणी निवळ आहे तोवर खुशाल झिरपू द्यावं. ते पोटातली माती बरोबर घेऊन यायला लागलं की मग वाईट. वरून हिरवंगार गवत दिसतं आणि आत घुशीनं पोखरल्यासारखं बीळ होत जातं. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून भिंतीत नळ्या पुरलेल्या असतात. नळीत पाणी किती चढलं यावरून भिंतीच्या पोटात दाब किती ते कळतं. भोकरनाल्याला अशा बारा नळ्या. चार मीटरच्या आसपास पाणी असलं की सगळं ठीक, सात ओलांडलं की भोंगा वाजवून वाडी रिकामी करायची.

पूर्वी चौकीदार नळीत दोरी सोडून मोजायचा. मग नळ्यांमध्ये संवेदक बसले, दर दहा मिनिटांनी आकडा थेट कचेरीतल्या डिस्कवर येऊ लागला, आणि तो आकडा बघून भोंगा वाजवायचा की नाही हे ठरवणारं यंत्रही आलं. चौकीदाराचं पद तीन वर्षांपूर्वी रद्द झालं. भिंतीवर माणसाचं पाऊल पडायचं ते फक्त पंधरा ऑगस्टला झेंडावंदनापुरतं.

आणि ही सगळी माहिती ज्या डिस्कवर होती, तिच्यावर कचेरीतल्या एसीचं पाणी ठिबकलं. किती दिवस ठिबकत होतं देव जाणे. सोमवारी सकाळी सारिकानं आपला संगणक चालू केला तर पडद्यावर पिवळी पट्टी आणि तिच्यात दोनच शब्द: 'माहिती अपूर्ण'.

सारिका गडबडली नाही. तिनं डिस्क-दुरुस्तीचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि तिथं शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गुरुजींनी एक वाक्य चारशे वेळा घोकून घेतलं होतं: आधी नक्कल, मग अक्कल. आजारी डिस्कवर कुठलंही औषध चालवण्याआधी ती जशी आहे तशी दुसरीकडे उतरवून घ्यायची. त्यासाठी 'वाचक' नावाचं जुनं, फुकट मिळणारं साधन होतं. दिसायला अगदीच ओबडधोबड. ते डिस्कवर काही लिहीत नसे, फक्त वाचत असे. डिस्कवरच्या प्रत्येक तुकड्यासोबत त्याची एक बेरीज साठवलेली असते; तुकडा वाचून बेरीज जुळली तर तो खरा. नाही जुळली तर वाचक तिथं 'वाचता आले नाही' असं लिहून पुढं सरके. बस्स, एवढंच त्याचं कसब.

मंगळवारी सकाळपर्यंत वाचक चालला. सारिकानं सगळी नक्कल स्वतःच्या छोट्या डिस्कवर उतरवून घेतली. तेवीस धरणांपैकी बावीस जवळजवळ शाबूत निघाली. भोकरनाल्याच्या सातव्या नळीचे मात्र अकरा दिवस चाळणी झालेले. मध्येच दोन-चार आकडे, मग ढीगभर 'वाचता आले नाही', मग पुन्हा एखादा आकडा. वर सरकणाऱ्या रांगांमध्ये तिला एक पाच पूर्णांक नऊ दिसल्यासारखा वाटला. नेहमी चार असताना हे पाच-नऊ कुठलं?

तिनं उपअभियंता कुरणे साहेबांना विचारलं. कुरणे वाईट माणूस नव्हता. निवृत्तीला आठ महिने उरलेला, गुडघे दुखणारा, मुलीच्या लग्नाच्या याद्या टेबलाच्या खणात ठेवणारा साधा माणूस.

"अहो बाई, ओल लागलेल्या डिस्कवरचा आकडा तो. त्याला काय आकडा म्हणायचं? कचरा आहे," ते म्हणाले. "तुम्ही अहवाल पाठवा आधी. मंगळवार आहे, अहवालाचा दिवस."

"सर, आकड्याची बेरीज जुळली आहे. म्हणजे वाचकानं तो खरा धरलाय."

"बाकीच्या ठिकाणी काय लिहिलंय त्यानं?"

"वाचता आले नाही."

"हां. म्हणजे अकरा दिवसांच्या रकान्यात तुम्ही 'वाचता आले नाही' लिहून पाठवणार? पाठवा. दुपारी कळेल."

दुपारी कळलंच. अहवाल परत आला. वर शेरा: 'वाचता आले नाही हा शेरा विहित नमुन्यात नाही. रकाने पूर्ण करून उद्या कार्यालयीन वेळेत सादर करावे.' सोबत मान्यताप्राप्त साधनांची यादी होती आणि यादीत पहिल्या क्रमांकावर 'पूर्ववत'.

पूर्ववतचं नाव तोवर घरोघरी झालं होतं. फाटलेले फोटो, अर्धवट पुसलेली पत्रं, बिघडलेले हिशेब, काय वाट्टेल ते द्या, ते आधी होतं तसं करून द्यायचं. त्याची युक्ती अशी, की लाखो डिस्का वाचून ते शिकलं होतं. एका तुकड्यानंतर सहसा कुठला तुकडा येतो हे त्याला पाठ होतं. जे वाचता येत नाही ते आजूबाजूचं बघून ते ओळखायचं आणि त्या जागी लिहून टाकायचं, इतकं बेमालूम की बेरीजसुद्धा जुळायची. धरणांच्या नोंदींसाठी त्याला हजारो धरणांचे आकडे खाऊ घातलेले होते.

सारिकानं डोळे मिटून बटण दाबलं असं कुणी म्हणू नये. तिनं प्रशिक्षणातले तीन प्रश्न कागदावर लिहून काढले. साधन मान्यताप्राप्त आहे का? होय. सुरक्षित आहे का? होय; प्रमाणपत्र जोडलेलं, विषाणू नाही, माहिती बाहेर जात नाही, डिस्कला इजा नाही. केलेलं परत फिरवता येतं का? त्यावर माहितीपत्रकात उत्तर होतं, 'गरज भासत नाही.' ती तिथं थबकली. पण नक्कल घेतलेली होती ना, मग घाबरायचं कशाला? नवी डिस्क मागितली तर मंजूर व्हायला सहा महिने. चौथा प्रश्न तिच्या कागदावर नव्हताच: जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असं हे साधन सांगतं का?

बुधवारी अकरा वाजता तिनं पूर्ववत चालवलं. चाळीस मिनिटांत काम झालं. पिवळी पट्टी गेली, हिरवी आली. सातव्या नळीचे अकराही दिवस भरलेले: चार पूर्णांक एक, चार पूर्णांक दोन, चार पूर्णांक एक. ते पाच-नऊही गेलं. रांगेत न बसणारा आकडा म्हणजे खराब झालेला तुकडाच, असं पूर्ववतनं ठरवलं आणि तोही नीट केला. शेवटी त्यानं विचारलं, 'पुढील देखभाल चालू ठेवावी?' म्हणजे यापुढं येणाऱ्या नोंदींवरही ते लक्ष ठेवणार आणि बिघाड वाटला तर लगोलग सावरणार.

सारिकानं 'होय' म्हटलं. अहवाल गेला, वरून पोच आली. कुरणे साहेबांनी स्वतः चहा मागवला.

यानंतर नऊ दिवस सगळं हिरवं होतं.

दहाव्या दिवशी, शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत ताईचा फोन आला.

"सारू, जेवलीस का?"

"जेवतेय. बोल ना."

"अगं, ओढ्याचं पाणी बघ ना कसं येतंय. लाल. पाऊस तर चार दिवस नाही. म्हशी तोंड लावेनात त्याला. धरणाच्या अंगानं येतंय गं. वरच्या आळीच्या सासूबाई म्हणतात, असं पाणी त्यांनी जन्मात बघितलं नाही. तुझे दाजी म्हणतात कुणी तरी वर जेसीबी घातला असेल. पण माझं मन खातंय. मी आपली एक पिशवी भरून ठेवलीय, कागदपत्रं न् दोन लुगडी. वाटतं, आज तुझ्याकडंच यावं झोपायला. बायकांना घेऊन यावं सगळ्या."

घास तसाच ठेवून सारिका पडद्याकडे गेली. भोकरनाला. बारा नळ्या, बारा हिरव्या रेघा. सातवीवर बोट ठेवलं तर चार पूर्णांक दोन. तिनं कालचं बघितलं, परवाचं बघितलं. रेघ अशी सरळ, की तिच्यावर पेला ठेवला तरी हिंदकळायचा नाही. गढूळ पाण्याचा अर्थ तिला ठाऊक होता; पुस्तकातलं ते पानसुद्धा आठवलं. पण पडदा समोर होता आणि ओढा अठरा किलोमीटरवर.

"ताई, सगळं हिरवं आहे गं. काही असतं तर इथं आधी दिसलं असतं. कुठंतरी काठ ढासळला असेल."

"नीट बघितलंस ना?"

"अगं, समोरच बसलेय. दहा मिनिटांपूर्वीचा आकडा आहे."

"मग बास!" ताईचा जीव भांड्यात पडला. ते तिच्या आवाजातच कळलं. "तू सांगितलंस म्हणजे झालं. ह्यांना सांगते. उगीच चाळीस घरांना जागं करत होते मी. रविवारी ये, अळूवड्या करते."

शनिवारी सकाळी सव्वादहाला भोकरनाल्याची भिंत मधोमध खचली. दाजी, म्हणजे ताईचा नवरा महादेव, दूध घालायला डेअरीत गेला होता म्हणून वाचला. वाडीतली एकवीस माणसं गेली. ताई तीन दिवसांनी सापडली, चार कोस खाली, उसाच्या फडात.

त्या शनिवारी सारिका कचेरीतच होती. दहा पंचवीसला पोलीसपाटलाचा फोन आला, धरण फुटलं म्हणून. सारिका धावत पडद्यापाशी आली. हिरवं! सातवी नळी, चार पूर्णांक दोन. दहा वाजून तीस मिनिटांचा आकडा आला, चार पूर्णांक दोन. दहा चाळीसचा आला, चार पूर्णांक एक. धरण जागेवर नव्हतं, नळ्या वाहून गेल्या होत्या, संवेदक चिखलात कुठं गाडले गेले होते कुणास ठाऊक, आणि पूर्ववत बापडं शांतपणे रकाने भरत होतं. सारिकानं ते बघितलं आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की शेजारच्या खोलीतला शिपाई धावत आला.

दहावं-तेरावं झाल्यावर तिनं नकलेची डिस्क काढली. वाचकानं उतरवलेल्या त्या रांगा एकेक करून वाचल्या. पूर्वी अहवालाला रोजची सरासरी लागायची म्हणून तिनं त्या नुसत्या पुढं सरकवल्या होत्या. आता त्या चाळणी झालेल्या अकरा दिवसांतले शाबूत आकडे तिनं कागदावर उतरवले. चार-तीन. वाचता आले नाही. चार-आठ. वाचता आले नाही. पाच-दोन. पाच-सहा. वाचता आले नाही. पाच-नऊ. शाळकरी पोरानंसुद्धा हे ठिपके जोडून रेघ कुठं चाललीय ते सांगितलं असतं. पुढच्या नऊ दिवसांत पाणी किती चढलं ते मात्र आता कुणालाच कळणार नव्हतं. ते आकडे आल्याआल्या दुरुस्त झाले होते.

कागद समोर घेऊन ती विचार करत राहिली आणि तिला पूर्ववतची चूक कळली. त्यानं खोटं लिहिलं नव्हतं, आपल्या परीनं तरी नाही. ते शिकलं होतं हजारो धरणांकडून, आणि हजारो धरणांत सहसा काय घडतं? काही घडत नाही. म्हणून जिथं दिसलं नाही तिथं त्यानं 'काही घडलं नाही' असं लिहिलं, आणि जिथं काही घडताना दिसलं तिथं त्याला तो डिस्कचा बिघाड वाटला. वाडीचा भोंगा वाजवायला जे यंत्र ठेवलं होतं, त्याच्या डोळ्यांवर सारिकानं आपल्या हातानं पट्टी बांधली होती. मान्यताप्राप्त पट्टी.

बैल गेला अन् झोपा केला, तशी चौकशी समिती आली. सारिका नक्कल घेऊन समितीपुढं गेली, काहीही न लपवता सगळं सांगितलं, माझ्यावर गुन्हा नोंदवा म्हणाली. समितीत एक बाई होत्या, सभ्य, हळू आवाजात बोलणाऱ्या. त्यांनी नक्कल चाळली.

"ही दुरुस्तीच्या आधीची आहे?"

"होय मॅडम."

"म्हणजे खराब डिस्कची नक्कल. आणि दुरुस्त झालेल्या डिस्कवरच्या सगळ्या बेरजा जुळतायत."

"त्या त्यानंच जुळवल्यात, मॅडम! धरण फुटल्यावरसुद्धा चार पूर्णांक दोन दाखवत होतं ते!"

"दुर्घटनेनंतरच्या नोंदी आमच्या कक्षेत येत नाहीत." बाईंनी चष्मा काढला. "घोलपबाई, तुमच्या घरचं माणूस गेलंय. अशा वेळी स्वतःला दोष द्यावासा वाटतो. माझी आई गेली तेव्हा मलाही वाटायचं. थोडी रजा घ्या."

महिन्याभरात अहवाल आला. भिंतीच्या अंतर्भागात दुर्घटनेपूर्वी कोणतेही लक्षण आढळले नाही. नोंदी अखंड असल्याबद्दल समाधान व्यक्त करण्यात येत आहे. कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा: निरंक. उर्वरित बावीस धरणांच्या नोंदींसाठीही हीच देखभाल कायम ठेवावी आणि शेजारच्या उपविभागांतील कर्मचाऱ्यांना श्रीमती घोलप यांनी प्रशिक्षण द्यावे.

सारिकानं प्रशिक्षण द्यायला लेखी नकार दिला. बावीस धरणांवर चौकीदार नेमावेत असं पत्र पाठवलं; एकदा नाही, सात वेळा. सातव्या पत्राला उत्तर आलं, की पद मंजूर नाही. तिनं पूर्ववत बंद केलं तर ते वरून पुन्हा चालू करण्यात आलं, आणि प्रशिक्षण द्यायला दुसरी मुलगी आली. चांगली चुणचुणीत होती. सारिकानं तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मुलीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मॅडम, मग रकाने कसे भरायचे?"

दाजीला सरकारनं तालुक्याला पत्र्याची खोली दिली होती. सारिका तिकडं जायचं टाळत होती. दाजी सगळ्यांना काय सांगत असतो ते तिच्या कानावर आलं होतं: 'आमची मेव्हणी त्याच हापिसात आहे. तिनं स्वतः बघून सांगितलेलं, काही नाही म्हणून. नव्हतंच काही. देवाच्या मनात आलं, त्याला कोण काय करणार?' ऐकून वाडीतली उरलेली माणसं माना हलवायची. तेवढ्यावर ती माणसं जगत होती.

एका दुपारी ती गेली. दाजी दारातच बसला होता. तिला बघून उठला, आतून सतरंजी आणून टाकली, माठातलं पाणी दिलं.

"बरं झालं आलीस. तुला वाटत असेल, मी रागावलोय. नाही गं. तुझ्यावर कशाला रागावू?" तो म्हणाला. "शुभांगीनं पिशवी भरलेली. पायांत चपला घातलेल्या तिनं, माहीत आहे? तुझ्या फोननं निवळली, पण अंधार पडता पडता पुन्हा पिशवी उचलली. म्हणाली, 'सारू म्हणतेय काही नाही, पण आजची रात्र जाऊया.' मीच ओरडलो तिला. म्हटलं, 'तुझी शिकलेली बहीण खोटी आणि तुझ्या म्हशी खऱ्या व्हय?' हातातली पिशवी हिसकून घेतली मी. आता वाटतं, जाऊ दिलं असतं तर... पण नव्हतंच काही, नाही का? कुणाला कळणार होतं?"

तो तिच्याकडं बघत होता. त्याला एकच शब्द हवा होता, आणि तो दिला असता तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. सारिकाच्या ओठांवर तो आलाही. पण तिला पुन्हा एकदा, स्वतःच्या हातानं, मोकळी जागा बऱ्या वाटणाऱ्या गोष्टीनं भरायची नव्हती.

"होतं, दाजी," ती म्हणाली. "वीस दिवस आधीपासून होतं. माझ्या डिस्कवर होतं. मी पुसलं."

तिनं सगळं सांगितलं. एसीचं पाणी, परत आलेला अहवाल, पाच-नऊ, कुरणे साहेबांचा चहा. तिचं संपल्यावर दाजी स्वतःच्या हातांकडं बघत बसला, ज्या हातांनी पिशवी हिसकून घेतली होती.

"म्हणजे तिचं बरोबर होतं," तो म्हणाला.

"हो."

"ती जात होती, आणि मी तिला बसवलं."

"दाजी, तुमची चूक नाही. माझ्या सांगण्यावरून—"

"हे मला सांगायला कशाला आलीस, सारिका?" त्याचा आवाज चढलेला नव्हता. खरंच समजत नसल्यासारखं तो विचारत होता. "तू पत्रं लिहिलीस, तुझं कुणी ऐकलं नाही. म्हणून मला सांगितलंस? तुझं ओझं उतरलं असेल. आता मी हे घेऊन कुठं जाऊ?"

दाजी उठला, सतरंजीची घडी घातली, आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.